हिंगणीच्या घरातला संगणक आणि अँटिव्हायरसची निवड

नवा लॅपटॉप घेताना बिलाच्या शेवटी एक ओळ हमखास येते: अँटिव्हायरस, एक वर्ष. दुकान सेलूतलं असो, वर्ध्याचं असो की नागपूरच्या सीताबर्डीवरचं, दुकानदार ती ओळ स्वतःहून लिहितो आणि घेणारा मान हलवतो. एवढे पैसे मोजतोच आहोत, तर हेही असू द्या. कोणत्या कंपनीचा घेतला, तो नेमकं काय अडवतो, वर्ष संपल्यावर पुढे काय, हे विचारायचं राहून जातं. वर्षभराने पडद्याच्या कोपऱ्यात मुदत संपल्याची चौकट येऊ लागते. ती फुलीवर दाबून बंद करायची घरातल्या सगळ्यांना सवय होते आणि संगणकावर पहारा आहे की नाही, हेच कुणाला सांगता येत नाही.

हा लेख अशा घरांसाठी आहे आणि लिहिताना मी हिंगणी मुद्दाम डोळ्यांसमोर ठेवलं आहे. बोर धरणाजवळचं, सेलू तालुक्यातलं गाव. अशा गावातला घरचा संगणक शहरातल्या ऑफिसातल्या संगणकासारखा वापरला जात नाही. त्यावर मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज असतात, सातबारा, आधार आणि बँक पासबुकाचे स्कॅन असतात, लग्नाचे फोटो असतात, नीट किंवा एमपीएससीच्या पीडीएफ असतात. नेट बहुतेक वेळा मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून, रोजच्या डेटाच्या हिशेबात. प्रिंटर घरी नसतो, म्हणून पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात किंवा सेतू केंद्रात जातो आणि परत येतो. अँटिव्हायरसच्या जाहिराती मात्र चोवीस तास ब्रॉडबँड आणि ऑनलाइन खरेदी असलेल्या घरासाठी लिहिलेल्या असतात. त्यामुळे कंपनीचं नाव ठरवण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात, असं माझं मत आहे. या संगणकात गमावू नये असं काय आहे, आणि बाहेरची फाइल यात कोणत्या वाटेने येते. या दोन गोष्टी कळल्या की निवड सोपी होते, आणि पुष्कळदा स्वस्तही.

पेनड्राइव्ह ही पहिली वाट. दुकानातल्या संगणकाला दिवसभर पंचवीस जणांचे पेनड्राइव्ह लागतात. त्यातला एक लागण झालेला असला की उरलेल्या सगळ्यांना ती होते. घरी येऊन पेनड्राइव्ह उघडला की आपले फोल्डर गायब झालेले दिसतात आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट असतात. लोक त्याला शॉर्टकट व्हायरसच म्हणतात. फोल्डर खरं तर पुसलेले नसतात, लपवलेले असतात. शॉर्टकटवर डबल क्लिक केलं की फोल्डरही उघडतं आणि सोबत व्हायरसचा प्रोग्रामही चालू होतो, म्हणून काही बिघडलंय असं वाटतच नाही. पेनड्राइव्ह लावल्याबरोबर त्यातला प्रोग्राम आपोआप सुरू होण्याची जुनी सोय मायक्रोसॉफ्टने विंडोज 7 मध्ये बंद केली, आणि 2011 साली आधीच्या विंडोजसाठीही तसा अपडेट दिला. तेव्हापासून हे व्हायरस आपल्या क्लिकची वाट पाहतात. म्हणून पेनड्राइव्ह लावल्यावर आधी त्यावर राइट क्लिक करून स्कॅन करावं आणि मगच उघडावा. स्कॅनला मिनिट-दोन मिनिटं लागतात.

यावर अगदी साधा उपाय म्हणजे छपाईची फाइल पेनड्राइव्हवर न नेता दुकानदाराला व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर पाठवणं. तिथून काहीही घरी परत येत नाही. मात्र आधार-पासबुकासारखी कागदपत्रं अशी पाठवली तर छपाईनंतर ती त्याच्या संगणकातून आणि फोनमधून आपल्यासमोर पुसायला सांगावीत. यात संकोच करू नये.

दुसरी वाट जास्त घातक आहे आणि तिच्याबद्दल उघड बोललं जात नाही. ती म्हणजे फुकटात टाकून मिळणारं सॉफ्टवेअर. विंडोज, ऑफिस, फोटोशॉप, मराठी फाँटचे पॅकेज, सगळं ‘क्रॅक’ केलेलं. गावोगावी फॉरमॅट मारून देणारे हे सर्व एका पेनड्राइव्हमधून टाकून देतात. या क्रॅकसोबत येणाऱ्या सूचनेत बहुधा पहिली ओळ अशी असते की इन्स्टॉल करण्याआधी अँटिव्हायरस बंद करा. या एका ओळीपाशी थांबायला हवं. पहारेकऱ्याला बाजूला सारल्याशिवाय जे आत येऊ शकत नाही, ते आत घेऊच नये. स्टॉप किंवा डीजेव्हीयू या नावाने ओळखलं जाणारं रॅन्समवेअर घरगुती संगणकांत पसरलं ते मुख्यतः याच वाटेने, क्रॅक आणि ‘ॲक्टिव्हेटर’मधून. ते आत शिरलं की फोटो, वर्ड आणि पीडीएफ फाइल्स कुलूपबंद होतात, प्रत्येक फाइलच्या नावापुढे एक विचित्र शेपूट लागतं आणि प्रत्येक फोल्डरमध्ये खंडणी मागणारी चिठ्ठी येऊन पडते. 2019 साली एम्सिसॉफ्ट या कंपनीने त्याच्या जुन्या प्रकारांसाठी फाइल्स सोडवण्याचं मोफत साधन काढलं. नंतरच्या प्रकारांपुढे ते बहुतेक वेळा चालत नाही.

पैसे वाचवायचे असतील तर ते योग्य ठिकाणी वाचवावेत. पत्रं आणि हिशेबाला लिबरऑफिस फुकट आणि कायदेशीर आहे. मराठी टायपिंग युनिकोडमध्ये विंडोजमध्येच मिळतं. एवढं केलं की क्रॅक घ्यायचं निम्मं कारण उरत नाही. लॅपटॉप घेताना कंपनीने टाकलेलं मूळ विंडोज असलेलाच घ्यावा आणि दुरुस्तीवाल्याला स्पष्ट सांगावं की तेच परत टाका, दुसरं नको. आता बहुतेक लॅपटॉपमध्ये विंडोजची की मदरबोर्डमध्येच साठवलेली असते. तीच आवृत्ती पुन्हा टाकली की ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं, क्रॅक लागत नाही.

बाकीच्या वाटा थोडक्यात. टेलिग्रामवरच्या नोट्सच्या झिप फाइल्स, ‘बिल’ किंवा ‘नोटीस’ नावाची ईमेलमधली जोडपत्रं, आणि नावात पीडीएफ लिहिलेली पण मुळात प्रोग्राम असलेली फाइल. विंडोज फाइलच्या नावाची शेवटची अक्षरं लपवून ठेवतं, म्हणून ‘हॉलतिकीट डॉट पीडीएफ’ दिसतं आणि पुढचं ‘डॉट ईएक्सई’ दिसत नाही. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करा. ही सोय एकदा चालू केली की कायम राहते.

डिफेंडर पुरेसा आहे का?

विंडोज 10 आणि 11 मध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर आधीपासून असतो. तो फुकट आहे, त्याची मुदत संपत नाही आणि त्याला की लागत नाही. दहा-पंधरा वर्षांपूर्वी त्याचं नाव काढलं की जाणकार नाक मुरडत. तेव्हा ते रास्त होतं, आज नाही. जर्मनीतल्या माग्डेबुर्गची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज या दोन स्वतंत्र संस्था वर्षानुवर्षं या प्रोग्रामांची परीक्षा घेतात, आणि डिफेंडर तिथे पैसे घेणाऱ्यांच्या रांगेत बसू लागल्याला आता बरीच वर्षं झाली. ज्या घरी विंडोज खरं आहे, नेट बहुतेक वेळ चालू आहे, क्रॅक टाकत नाहीत आणि पेनड्राइव्ह क्वचित बाहेर जातो, त्या घराने अँटिव्हायरसवर पैसे खर्च करू नयेत असं मी ठामपणे सांगेन. तेच पैसे बाहेरच्या हार्ड डिस्कसाठी ठेवावेत. कशासाठी, ते पुढे येईल.

पण हिंगणीसारख्या ठिकाणी डिफेंडरच्या दोन अडचणी जाणवतात. पहिली अशी की त्याची बरीचशी ताकद नेटवर आहे. अनोळखी फाइल दिसली की तो मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारतो आणि उत्तरावर निर्णय घेतो. एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज आपल्या चाचण्यांत नेट बंद असताना आणि चालू असताना असे दोन वेगळे आकडे देते, आणि डिफेंडरचा नेट नसतानाचा आकडा अनेक चाचण्यांत बराच खाली राहिलेला आहे. शहरातल्या वाचकाला हा फरक महत्त्वाचा वाटणार नाही. ज्या घरी हॉटस्पॉट फक्त कामापुरता चालू होतो आणि पेनड्राइव्ह मात्र रोज लागतो, तिथे तो निर्णायक आहे. निदान पेनड्राइव्ह लावताना तरी हॉटस्पॉट चालू असावा.

दुसरी अडचण अपडेटची. डेटा वाचावा म्हणून कुणीतरी वायफायच्या सेटिंगमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू केलेलं असतं. ते चालू असेल तर विंडोज मोठे अपडेट उतरवायचं थांबवतं आणि डिफेंडरची नव्या व्हायरसांची यादीही मागे पडू शकते. म्हणून आठवड्यातून एकदा ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडावी, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये जाऊन ‘प्रोटेक्शन अपडेट्स’ या भागातली तारीख पाहावी आणि ती दोन-तीन दिवसांपेक्षा जुनी असेल तर हाताने अपडेट मारावा. घरी नेट फारच मंद असेल तर मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत साइटवरून ही यादी एका फाइलमध्ये उतरवता येते. ती शंभर एमबीच्या पुढे जाते, पण वर्ध्याला कॉलेजात जाणारी मुलगी ती तिथल्या नेटवर उतरवून आणू शकते.

तिथेच ‘मॅनेज सेटिंग्ज’मध्ये गेल्यावर रिअल-टाइम प्रोटेक्शन, क्लाउड-डिलिव्हर्ड प्रोटेक्शन आणि टॅम्पर प्रोटेक्शन ही तिन्ही बटणं चालू आहेत ना, तेही पाहून घ्या. तिसरं बटण दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामला डिफेंडर गुपचूप बंद करू देत नाही. खाली ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’मध्ये ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ नावाची सोय असते, आणि ती मुळात बंद असते. चालू केली की डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरांतल्या फाइल्स अनोळखी प्रोग्रामला बदलता येत नाहीत. सुरुवातीला ती एखाद्या चांगल्या प्रोग्रामलाही अडवते. अशा वेळी त्या एका प्रोग्रामला परवानगी द्यावी, सोयच बंद करू नये.

पैसे द्यायचे तर कुणाला?

घरी कुणी ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं काम करत असेल, गावातल्या दहा लोकांचे पेनड्राइव्ह त्या संगणकाला लागत असतील, किंवा नेट आणि अपडेट दोन्ही अनियमित असतील, तर नेटविना चांगलं ओळखणारा विकतचा अँटिव्हायरस घेण्यात अर्थ आहे. तो निवडताना दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. एव्ही-टेस्ट प्रत्येक प्रोग्रामला संरक्षण, वेग आणि वापरातली सोय यांचे सहा-सहा, एकूण 18 गुण देते. साडेसतरा किंवा त्यावर असलेल्यांना वरचा दर्जा मिळतो. हे निकाल कुणालाही फुकट पाहता येतात. संरक्षणाइतकाच वेगाचा गुण पाहा. चार जीबी रॅमच्या आणि जुन्या हार्ड डिस्कच्या लॅपटॉपवर जड अँटिव्हायरस टाकला की संगणक सुरू व्हायलाच पाच मिनिटं घेतो, मग वैतागून घरचं कुणीतरी तो काढून टाकतं. तिसरा, ‘सोयी’चा गुण म्हणजे तो चांगल्या फाइललाच व्हायरस ठरवतो का हे. उठसूट खोटी ओरड करणाऱ्या प्रोग्रामचं खरं बोलणंही माणसं ऐकेनाशी होतात.

आपल्याकडच्या कंपन्यांचा विषय निघाला की पहिलं नाव क्विक हीलचं येतं. त्याची गोष्ट मराठी वाचकांना ठाऊक असावी अशी आहे. मूळचे सातारा जिल्ह्यातले कैलाश काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. पुढे संगणक दुरुस्तीला लागले तेव्हा येणारी बरीच यंत्रं व्हायरसनेच बिघडलेली असत. धाकटे भाऊ संजय काटकर संगणक शिकत होते, त्यांनी ते व्हायरस काढणारा प्रोग्राम लिहिला. 1995 च्या सुमारास तो क्विक हील नावाने विकायला आला, 2007 मध्ये कंपनीनेही तेच नाव घेतलं आणि फेब्रुवारी 2016 मध्ये ती शेअर बाजारात उतरली. दुरुस्तीच्या टेबलावरून निघालेला हा प्रोग्राम असल्याने त्याचं विक्रेत्यांचं जाळं तालुक्याच्या गावापर्यंत पोचलं. पुण्याचाच नेट प्रोटेक्टर, मुंबईचा ई-स्कॅन आणि चेन्नईचा के7 हेही आपल्या दुकानांत मिळतात. देशी म्हणून डोळे मिटून घ्यावं असं मात्र मी म्हणणार नाही. एप्रिल 2024 मध्ये अवास्टच्या संशोधकांनी दाखवून दिलं की ई-स्कॅनचे अपडेट सुरक्षित नसलेल्या मार्गाने उतरत असल्याने हल्लेखोर मधेच त्यांत आपला प्रोग्राम मिसळत होते. कंपनीने ती फट त्याआधी, जुलै 2023 मध्ये बुजवली होती.

परदेशी नावांचंही तसंच. खुद्द अवास्टला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फेब्रुवारी 2024 मध्ये 1 कोटी 65 लाख डॉलरचा दंड ठोठावला, कारण वापरणाऱ्यांनी कोणत्या साइट पाहिल्या ही माहिती तिची उपकंपनी विकत होती. कॅस्परस्की तपासण्यांत सातत्याने वर असतो, तरी रशियन कंपनी म्हणून अमेरिकेने 2024 मध्ये आपल्या देशात त्याची विक्री बंद केली. भारतात तशी बंदी नाही. घरगुती वापरासाठी तो घ्यायचा की नाही हा ज्याच्या त्याच्या विश्वासाचा प्रश्न आहे. नॉर्टन, अवास्ट, एव्हीजी आणि अविरा ही चार नावं आता जेन डिजिटल या एकाच कंपनीची आहेत, हेही लक्षात असू द्या. एकाला कंटाळून दुसऱ्याकडे गेलात तर मालक तोच राहतो. अँटिव्हायरस संगणकातली प्रत्येक फाइल उघडून पाहू शकतो. इतका अधिकार ज्याला द्यायचा, त्याची मागची वागणूक पाहणं आपला हक्क आहे. फुकटातला अँटिव्हायरस कशावर जगतो, हा प्रश्नही म्हणूनच विचारायचा.

दुकानात गेल्यावर काही गोष्टी मोकळेपणाने विचारा. मुदत खरेदीच्या दिवसापासून मोजतात की की टाकल्याच्या दिवसापासून? संगणक फॉरमॅट केला तर तीच की पुन्हा चालेल का? अडचण आली तर फोनवर मराठीत सांगणारं कुणी आहे का? आई-वडील गावी आणि मुलगा पुण्यात असेल तर हा शेवटचा प्रश्न गुणांच्या तक्त्याहून मोठा ठरतो. ऑनलाइन घेत असाल तर पहिल्या वर्षाच्या सवलतीखाली दुसऱ्या वर्षाची पूर्ण किंमत कुठेतरी लिहिलेली असते, ती शोधा. ‘ऑटो-रिन्यूअल’ लगेच बंद करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून असे पैसे आपोआप कापण्याआधी किमान 24 तास बँकेने कळवायला हवं. तो संदेश वाचायची सवय घरात कुणाला तरी हवी. समाजमाध्यमांवर शे-दीडशे रुपयांत मिळणाऱ्या की घेऊ नका. त्या एकाच कीच्या अनेक जागी विकलेल्या नकला असू शकतात आणि कधीही बंद पडतात.

एका संगणकावर एकच अँटिव्हायरस असावा. दोन टाकले की दोघंही प्रत्येक फाइल पकडायला धावतात आणि संगणक गोगलगाय होतो. नव्या लॅपटॉपसोबत आलेला महिनाभराचा ‘ट्रायल’ वापरायचा नसेल तर पहिल्याच दिवशी काढून टाका. तो निघाला की डिफेंडर आपोआप पुढे येतो. नीट निघत नसेल तर त्याच कंपनीच्या साइटवर ते मुळासकट काढायचं छोटं साधन असतं.

काम करतोय की नाही हे तपासायचं असेल तर आयकार नावाची 68 अक्षरांची एक चाचणी फाइल आहे. ती व्हायरस नाही, निव्वळ मजकूर आहे. पण जगभरच्या अँटिव्हायरस कंपन्यांनी तिला व्हायरस समजून पकडायचं ठरवून घेतलं आहे. आयकार संस्थेच्या साइटवरून ती उतरवून पाहा. लगेच पकडली तर पहारा जागा आहे. पकडली नाही, तर सेटिंग पाहायला हवं.

लाल चौकटी आणि खोटे इशारे

मागची काही वर्षं एक नवा त्रास घरोघर दिसतो. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात मॅकॅफी किंवा नॉर्टनच्या नावाने लाल चौकट येते, ‘तुमच्या संगणकात पाच व्हायरस आहेत, आत्ताच नूतनीकरण करा’. पुष्कळदा ती अँटिव्हायरसची नसतेच. सिनेमा किंवा क्रिकेट पाहताना एखाद्या साइटने ‘अलाऊ’ दाबायला सांगितलेलं असतं, आपण ते दाबलेलं असतं, आणि त्या क्षणापासून ती साइट क्रोममार्फत हव्या त्या सूचना पाठवते. क्रोमच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, तिथे ‘साइट सेटिंग्ज’, तिथे ‘नोटिफिकेशन्स’ उघडा आणि अनोळखी नावं काढून टाका. त्रास तिथेच थांबतो. यासाठी कुणालाही पैसे द्यायची गरज नाही.

पूर्ण पडदा अडवून भोंगा वाजवणारी आणि ‘मायक्रोसॉफ्ट’चा म्हणून फोन नंबर देणारी पानं यापेक्षा वाईट. त्या नंबरवर फोन केला की पलीकडचा माणूस एनीडेस्कसारखं साधन टाकायला लावतो आणि संगणक त्याच्या हातात जातो. मायक्रोसॉफ्ट अशा चौकटीत कधीही फोन नंबर देत नाही. अशा वेळी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि ब्राउझर बंद करावा. ते जमलं नाही तर पॉवरचं बटण धरून संगणकच बंद करावा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे आधी करून दाखवलेलं बरं, कारण असा भोंगा वाजतो तेव्हा माणूस घाबरतो आणि समोर दिसेल त्या नंबरवर फोन लावतो.

जुनं विंडोज

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपवला. घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत ऑक्टोबर 2026 पर्यंत आहे, पण त्यासाठी सेटिंगमध्ये जाऊन नाव नोंदवावं लागतं, आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर सेटिंगचा बॅकअप चालू ठेवला तर ती फुकट मिळते. विंडोज 7 चा आधार तर जानेवारी 2020 मध्येच संपला आहे, तरी ते वापरणारे संगणक अजून गावोगावी दिसतात. त्यांवर महागडा अँटिव्हायरस टाकून भागत नाही. मार्च 2017 मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं एक भोक बुजवणारा अपडेट दिला होता. ज्यांनी तो टाकला नाही त्यांच्यावर 12 मे 2017 ला वॉनाक्राय हे रॅन्समवेअर येऊन आदळलं. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या नावाच्या व्हायरसमुळे न्हावाशेवा बंदरातल्या जेएनपीटीचं एक टर्मिनल ठप्प झालं, त्यानेही पसरायला तेच भोक वापरलं होतं. इतक्या मोठ्या संस्थांना जे सांभाळता आलं नाही, ते जुनाट विंडोजवर एकट्या अँटिव्हायरसला सांभाळता येणार नाही.

संगणक विंडोज 11 पेलणारा नसेल आणि त्यावर फक्त ब्राउझर, पीडीएफ आणि टायपिंग होत असेल, तर लिनक्स मिंट टाकण्याचा विचार करा. ते फुकट आहे, जुन्या यंत्रावर हलकं चालतं, मराठी लिहिता येतं, आणि विंडोजचे व्हायरस त्यावर चालत नाहीत. स्कॅनर किंवा डिजिटल सहीचं डाँगल वापरत असाल तर आधी ते त्यावर चालतं का हे पाहून घ्या.

आणखी एक सोय फारशी कुणाला माहीत नाही. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने 21 फेब्रुवारी 2017 रोजी सायबर स्वच्छता केंद्र सुरू केलं. त्याच्या साइटवर व्हायरस काढणारी साधनं फुकट मिळतात. सी-डॅकने केलेलं ‘यूएसबी प्रतिरोध’ही तिथे आहे; ते टाकलं की परवानगी दिलेलाच पेनड्राइव्ह संगणकाला लागतो. फॉर्म भरून देणाऱ्यांनी आणि झेरॉक्सच्या दुकानदारांनी ते जरूर वापरून पाहावं. गावातली पेनड्राइव्हची साखळी त्यांच्याच टेबलावर तुटू शकते.

आता हार्ड डिस्कची गोष्ट. कोणताही अँटिव्हायरस शंभर टक्के पकडत नाही, आणि रॅन्समवेअरने कुलूप लावलेल्या फाइल्स तो व्हायरस पकडल्यावरही परत येत नाहीत. म्हणून फोटो आणि कागदपत्रांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर असलीच पाहिजे. महिन्यातून एकदा जोडावी, प्रत काढावी आणि वायर काढून कपाटात ठेवावी. जोडलेलीच राहिली तर रॅन्समवेअर तिलाही कुलूप लावतं. सातबारा पुन्हा काढता येईल, गुणपत्रिकेची दुय्यम प्रत मिळेल. आजीचे फोटो मात्र कुठल्याच कार्यालयात मिळणार नाहीत. अँटिव्हायरस आणि हार्ड डिस्क यांपैकी एकच घेणं परवडत असेल तर हार्ड डिस्क घ्या, असं मी सांगतो ते यासाठी.

इतकं करूनही व्हायरस शिरला, असा संशय आला तर सर्वांत आधी नेट तोडा. हॉटस्पॉट बंद, वायफाय बंद, पेनड्राइव्ह बाहेर. डिफेंडरच्या ‘स्कॅन ऑप्शन्स’मध्ये ऑफलाइन स्कॅन असतो, तो संगणक पुन्हा सुरू करून विंडोज उघडण्याआधीच तपासणी करतो, त्यामुळे लपून बसलेलाही सापडू शकतो. ईमेल आणि बँकेचे पासवर्ड त्या संगणकावरून बदलू नका, दुसऱ्या स्वच्छ फोनवरून बदला. फाइल्सना कुलूप लागलं असेल तर खंडणी देऊ नका आणि घाईने फॉरमॅटही मारू नका. युरोपोल आणि डच पोलिसांनी काही सुरक्षा कंपन्यांसोबत 2016 मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या साइटवर कुलूप लागलेली एखादी फाइल आणि खंडणीची चिठ्ठी चढवली की त्यावर किल्ली आहे का ते कळतं. आज नसली तरी पुढे निघू शकते, म्हणून त्या फाइल्स एका जुन्या डिस्कवर बाजूला ठेवा. या काळात खात्यातून पैसे गेले असतील तर वेळ न दवडता 1930 वर फोन करा आणि सायबरक्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. फोन करताना खाते क्रमांक, पैसे गेल्याची वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक हाताशी असू द्या. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे पुढे काढले जाण्याआधी गोठवले जाण्याची शक्यता जास्त. नंतर मिळणारा तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवा, बँकेत तोच विचारतात.